दांडा आधी कापा, सूत्र मग लावा: अक्षीय भाराखालचा स्ट्रेस आणि लांबीतला बदल

स्ट्रेसचं ‘बल भागिले क्षेत्रफळ’ हे सूत्र सहसा कुणाचं चुकत नाही. तरीही या गणितांच्या वह्या तपासायला घेतल्या की पानापानावर लाल शाई लागते. चूक होते ती सूत्रात कुठलं बल घालायचं यात. आकृतीत बाणापाशी लिहिलेला आकडा उचलायचा आणि शेजारच्या तुकड्याला चिकटवायचा, अशी सवय लागलेली असते. बाणापाशी लिहिलेला आकडा बाहेरून लावलेल्या भाराचा असतो. दांड्याच्या आत त्या जागी किती बल आहे हे आकृतीत कुठेच लिहिलेलं नसतं, ते काढावं लागतं. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा तिसऱ्या पायरीला दिली आहे. बाकीचं बरंचसं कॅलक्युलेटरचं काम आहे.

पुस्तकात प्रतिबल आणि विकृती असे शब्द येतात. वर्गात आणि वर्कशॉपमध्ये सगळे स्ट्रेस आणि स्ट्रेन म्हणतात, म्हणून इथेही तेच वापरतो. स्ट्रेन म्हणजे लांबीतला बदल भागिले मूळ लांबी. दांडा ओढला जातो तेव्हा ‘ताण’, दाबला जातो तेव्हा ‘दाब’.

## तयारी: एककं आणि धातूचा आकडा

पेन उचलण्याआधी एककांचा संच ठरवा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. दोन संच सोयीचे आहेत:

- न्यूटन, मिमी, मेगापास्कल. १ मेगापास्कल म्हणजे १ न्यूटन प्रति चौ. मिमी.
- किलोन्यूटन, मिमी, गिगापास्कल. १ गिगापास्कल म्हणजे १ किलोन्यूटन प्रति चौ. मिमी.

स्ट्रेस काढायला पहिला संच बरा. लांबीतला बदल काढायला दुसरा, कारण त्यात शून्यं कमी लिहावी लागतात. पण एकाच ओळीत दोन्ही मिसळले की उत्तर हजार पटीने सरकतं. दांडा मीटरमध्ये दिला असेल तर वहीत उतरवतानाच मिमी करा, ‘नंतर करू’ म्हणून ठेवू नका. क्षेत्रफळ चौ. सेमीमध्ये असेल तर शंभराने गुणा, दहाने नाही.

मग धातूचा यंग्ज मॉड्युलस, म्हणजे स्ट्रेस भागिले स्ट्रेन: तो जितका मोठा, तितका धातू कमी ताणला जातो. गणितात दिला असेल तर तोच घ्या. नसेल तर पोलादाला २०० गिगापास्कल आणि अॅल्युमिनियमला ७० गिगापास्कल हे नेहमीचे आकडे.

सावधान: मॉड्युलस आणि ताकद या वेगळ्या गोष्टी आहेत. साधं पोलाद आणि उच्च ताकदीचं पोलाद यांचा मॉड्युलस जवळजवळ सारखाच असतो. दांडा जास्त ताणला जातो म्हणून महागडं पोलाद घेतलं तर तो तुटायला उशीर लागेल, पण तेवढ्याच भाराखाली ताणला जाईल पूर्वीइतकाच. ताणणं कमी करायचं असेल तर दांडा जाड करा, आखूड करा किंवा धातूच बदला.

## पायरी १: आकृती काढा आणि तुकडे पाडा

पुढच्या पायऱ्यांसाठी एकच उदाहरण घेऊ. एक पोलादी दांडा आडवा आहे. डावं टोक ‘क’ भिंतीत पक्कं आहे. पुढे ‘ख’, ‘ग’ आणि उजवं मोकळं टोक ‘घ’.

- कख: लांबी ४०० मिमी, व्यास ४० मिमी
- खग: लांबी ३०० मिमी, व्यास ३० मिमी
- गघ: लांबी ५०० मिमी, व्यास २० मिमी

भार असे: ‘ख’पाशी ६० किलोन्यूटन उजवीकडे, ‘ग’पाशी ५० किलोन्यूटन डावीकडे, ‘घ’पाशी ३० किलोन्यूटन उजवीकडे. सगळे भार दांड्याच्या मध्यरेषेतून जातात, म्हणजे अक्षीय आहेत.

यातल्या तीनपैकी एक जरी गोष्ट बदलली तरी तिथे नवा तुकडा सुरू होतो: भार लागला, जाडी बदलली किंवा धातू बदलला. आपल्या दांड्यात भार आणि जाडी एकाच जागी बदलतात, म्हणून तीन तुकडे सरळ दिसतात. पण ‘ख’च्या अलीकडे २०० मिमीवर आणखी एक भार असता तर कखचे दोन तुकडे पडले असते, व्यास तोच असला तरी. परीक्षेत नेमकी हीच खोच ठेवलेली असते. जाडी बदलते तिथे सगळे रेघ मारतात. भार लागतो पण जाडी तीच राहते, तिथली रेघ राहून जाते.

## पायरी २: भिंतीची रिअॅक्शन काढा

उजवीकडची दिशा धन धरा. बाहेरच्या भारांची बेरीज: ६० − ५० + ३० = ४० किलोन्यूटन, उजवीकडे. म्हणजे भिंत दांड्याला ४० किलोन्यूटनने डावीकडे ओढते. भिंतीचं हे उलट बल म्हणजेच रिअॅक्शन.

मोकळ्या टोकाकडून सुरुवात केली तर हा आकडा लागतही नाही. तरी काढून बाजूला ठेवा, पुढे फुकटचा पडताळा मिळतो.

## पायरी ३: प्रत्येक तुकड्यातलं आतलं बल

इथे घाई करू नका.

गघ या तुकड्यात कुठेही एक काप घेतला असं समजा. आता वहीतल्या आकृतीवर तळहात ठेवून कापाच्या डावीकडचं सगळं खरोखर झाका. जे उघडं राहिलं तेवढाच तुमचा दांडा. झाकलेला भाग या उरलेल्या तुकड्याला कापाच्या जागी धरून आहे. तिथे एक बाण काढा, कापापासून दूर जाणारा, म्हणजे तुकड्याला ओढणारा. तो खरंच ओढतोय की ढकलतोय याचा अंदाज बांधत बसू नका. दर वेळी ओढणाराच काढा. मग उघड्या भागावरच्या सगळ्या बलांची बेरीज शून्य लिहा.

गघमध्ये काप: उघड्या भागावर फक्त ३० उजवीकडे.
३० − बल = ० → बल = +३० किलोन्यूटन, ताण.

खगमध्ये काप: हात डावीकडे सरकवा. आता ‘ग’वरचा भारही उघडा झाला.
३० − ५० − बल = ० → बल = −२० किलोन्यूटन, दाब.

कखमध्ये काप: ‘ख’वरचा भारही उघडा.
३० − ५० + ६० − बल = ० → बल = +४० किलोन्यूटन, ताण.

खगचं उत्तर ऋण आलं. याचा अर्थ ओढणारा म्हणून काढलेला बाण प्रत्यक्षात ढकलणारा आहे, म्हणजे दाब. एवढंच. इथे पुष्कळ जण आकृतीतला बाण उलटा करतात, ऋण चिन्हही तसंच ठेवतात आणि दोनदा उलटून परत चुकीच्या जागी येतात. बाण तसाच राहू द्या. चिन्ह पुढच्या सगळ्या आकडेमोडीत सोबत न्या.

तपासा: कखमधलं बल ४० आलं आणि भिंतीची रिअॅक्शनही ४०. जुळलं. आणखी एक पडताळा म्हणजे आतल्या बलाचा आलेख काढा. भार लागतो तिथे आलेखाने बरोबर त्या भाराइतकी उडी मारायला हवी. ‘ख’पाशी +४० वरून −२०, उडी ६०. ‘ग’पाशी −२० वरून +३०, उडी ५०. दोन्ही जुळतात.

सावधान: काप नेमक्या ‘ख’ बिंदूवर घेऊ नका. तिथे आतल्या बलाला एक किंमत नसते, डावीकडे ४० आणि उजवीकडे −२०. काप दोन बिंदूंच्या मध्येच हवा.

आता चुकीची रीत काय करते ते बघा. ती कखला ६०, खगला −५० आणि गघला ३० चिकटवते. त्यावरून काढलेला लांबीतला एकूण बदल ०.२२८ मिमी येतो. बरोबर उत्तर ०.२६० मिमी आहे, ते पुढे काढूच. दोन आकडे इतके जवळ आहेत की चुकलेल्याला शंकासुद्धा येत नाही. पण मधल्या तुकड्यातला स्ट्रेस या रीतीने अडीच पट येतो. शेवटचं उत्तर ‘साधारण जुळतंय’ म्हणून रीत बरोबर आहे असं समजू नये, ते यासाठी.

## पायरी ४: क्षेत्रफळ

गोल भरीव दांड्याला ०.७८५४ गुणिले व्यासाचा वर्ग.

- कख: १२५६.६ चौ. मिमी
- खग: ७०६.९ चौ. मिमी
- गघ: ३१४.२ चौ. मिमी

व्यासाच्या जागी त्रिज्या किंवा त्रिज्येच्या जागी व्यास घातला तर उत्तर चार पटीने चुकतं. उत्तर नेमकं चार पट किंवा पाव पट दिसलं तर दुसरीकडे शोधू नका, इथेच बघा.

पोकळ नळीत दोन सापळे असतात. नळीचा बाहेरचा व्यास ६० मिमी आणि जाडी ५ मिमी असेल तर आतला व्यास ५० मिमी, कारण जाडी दोन्ही बाजूंनी वजा होते. तो ५५ धरला तर क्षेत्रफळ ८६३.९ ऐवजी ४५१.६ चौ. मिमी येतं, जवळजवळ निम्मं. दुसरा सापळा वर्गांचा. ६० चा वर्ग वजा ५० चा वर्ग करायचा असतो. ६० वजा ५० करून त्याचा वर्ग घेतला की क्षेत्रफळ ७८.५ चौ. मिमी, अकरापटीने कमी.

भोक किंवा आटे असलेल्या दांड्यात दोन वेगळी क्षेत्रफळं लागतात. स्ट्रेससाठी सर्वांत अरुंद जागेचं क्षेत्रफळ घ्या. एम २० च्या जाड आट्यांच्या बोल्टला आट्यांपाशी ताणासाठी २४५ चौ. मिमी धरतात, दांड्याचे ३१४ नाही. लांबीतला बदल मात्र सगळ्या लांबीवर मोजायचा असतो, म्हणून ज्या भागाला आटे नाहीत त्याला पूर्ण क्षेत्रफळ. एका भोकासाठी अख्ख्या दांड्याचं क्षेत्रफळ कमी करून लांबीवाढ फुगवू नका.

## पायरी ५: स्ट्रेस

आता सूत्र. बल न्यूटनमध्ये, चिन्हासकट:

- कख: ४०,००० ÷ १२५६.६ = +३१.८ मेगापास्कल
- खग: −२०,००० ÷ ७०६.९ = −२८.३ मेगापास्कल
- गघ: ३०,००० ÷ ३१४.२ = +९५.५ मेगापास्कल

सर्वांत जास्त बल कखमध्ये आहे, सर्वांत जास्त स्ट्रेस गघमध्ये. ‘जिथे बल जास्त तिथेच धोका’ असं समजून एकच तुकडा तपासणारे इथे फसतात. सगळे तुकडे काढा.

तपासा: सर्वांत मोठा स्ट्रेस धातूच्या यील्ड स्ट्रेसच्या (ज्याच्या पुढे धातू कायमचा ताणला जातो त्या स्ट्रेसच्या) खाली आहे ना? साध्या बांधकामाच्या पोलादाला हा आकडा साधारण २५० मेगापास्कल धरतात. आपले ९५.५ निवांत खाली आहेत, म्हणून पुढची पायरी चालेल. स्ट्रेस यील्डच्या वर गेला तर पुढचं सूत्र निरुपयोगी, कारण ते स्ट्रेस आणि स्ट्रेन एकाच प्रमाणात वाढतात यावर उभं आहे. उत्तर तरीही येईल, कॅलक्युलेटर नाही म्हणत नाही.

## पायरी ६: लांबीतला बदल

प्रत्येक तुकड्याला वेगळं: बल गुणिले लांबी, भागिले क्षेत्रफळ गुणिले मॉड्युलस. स्ट्रेस काढलेलाच आहे, तेव्हा स्ट्रेस गुणिले लांबी भागिले मॉड्युलस हे सोपं. मॉड्युलस २,००,००० मेगापास्कल.

- कख: ३१.८३ × ४०० ÷ २,००,००० = +०.०६३७ मिमी
- खग: −२८.२९ × ३०० ÷ २,००,००० = −०.०४२४ मिमी
- गघ: ९५.४९ × ५०० ÷ २,००,००० = +०.२३८७ मिमी

बेरीज: ०.२६० मिमी, वाढ.

मधल्या पायऱ्यांत चार अंक ठेवा आणि शेवटी तीनवर आणा. स्ट्रेस ३२, २८ आणि ९५ असे आधीच गोल केले तर चूक बेरजेत साचत जाते. खगचं ऋण चिन्ह विसरून सगळं मिळवलं तर ०.३४५ येतं. ही चूक कायमची भेटणारी.

सावधान: प्रश्न नीट वाचा. ‘खगची लांबी कितीने बदलली’ आणि ‘ग बिंदू किती सरकला’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. खग ०.०४२४ मिमीने आखूड झाला. पण ‘ग’ बिंदू उजवीकडे गेला, ०.०६३७ वजा ०.०४२४, म्हणजे सुमारे ०.०२१ मिमी. बिंदूचं सरकणं म्हणजे पक्क्या टोकापासून त्या बिंदूपर्यंतच्या सगळ्या बदलांची बेरीज. तुकडा दबला तरी बिंदू पुढे जाऊ शकतो.

## पायरी ७: दुसऱ्या वाटेने पडताळा

तीच आकडेमोड दुसऱ्यांदा केली तर चूकही तशीच दुसऱ्यांदा होते. म्हणून वाट बदला. एकेक भार एकटा आहे असं समजा. एकटा भार भिंतीपासून स्वतःपर्यंतचाच भाग ताणतो, पुढचा भाग नुसता सोबत सरकतो.

- ६० एकटा: फक्त कख ताणतो, +०.०९५५ मिमी
- ५० एकटा: कख आणि खग दाबतो, −०.१८५७ मिमी
- ३० एकटा: तिन्ही तुकडे ताणतो, +०.३५०१ मिमी

बेरीज ०.२५९९, म्हणजे तीन अंकांत ०.२६०. जुळलं. या वाटेत आतलं बल काढावंच लागत नाही, म्हणून तिसऱ्या पायरीत चूक झाली असेल तर ती इथे उघडी पडते.

वेळ नसेल तर निदान एक आकडा पाठ ठेवा: पोलादात १०० मेगापास्कल स्ट्रेस म्हणजे दर मीटरला अर्धा मिमी बदल. गघ अर्ध्या मीटरचा, स्ट्रेस शंभराच्या जरा खाली, म्हणजे पाव मिमीच्या जरा खाली. आलं ते ०.२३९. मीटरभर पोलादी दांड्याला कुणी १२ मिमी लांबीवाढ काढून दाखवली, तर वही न उघडताही सांगता येतं की कुठेतरी शून्य घसरलं आहे.

## पायरी ८: दोन्ही टोकं पक्की असतील किंवा दोन धातू जोडलेले असतील

इथे बलांचं समीकरण एकच आणि अज्ञात बलं दोन (दोन भिंतींच्या रिअॅक्शन किंवा दोन धातूंतली बलं). दुसरं समीकरण लांबीतून येतं. ते विसरून ‘भार दोन्ही भिंतींना निम्मा निम्मा’ करून टाकणं ही या प्रकारातली पहिली चूक.

९०० मिमीचा एकसारखा दांडा दोन भिंतींत पक्का आहे. डावीकडून ३०० मिमीवर ९० किलोन्यूटन उजवीकडे लागतो. उजवी भिंत क्षणभर काढून टाका. मग फक्त डावीकडचे ३०० मिमी ताणले जातात: ९० × ३००, भागिले क्षेत्रफळ गुणिले मॉड्युलस. आता उजवी भिंत अख्खा ९०० मिमी दांडा दाबून टोक परत जागेवर आणते: रिअॅक्शन × ९००, खालचा भागाकार तोच. दोन्ही समान, म्हणून उजवी रिअॅक्शन ३० आणि डावी ६० किलोन्यूटन. डावा भाग ६० च्या ताणात, उजवा ३० च्या दाबात.

तपासा: जवळच्या भिंतीवर जास्त भार यायला हवा. उलटं आलं तर अंतरांची अदलाबदल झाली आहे. शिवाय ६० × ३०० आणि ३० × ६०० दोन्ही १८,०००, म्हणजे एक भाग जितका वाढला तितकाच दुसरा आखूड झाला.

दोन धातू शेजारी शेजारी असतील तर नियम उलटा होतो. एकामागोमाग एक जोडलेल्या तुकड्यांत लांबीतले बदल मिळवायचे असतात. शेजारी असतील तर लांबीतला बदल दोघांचा सारखा आणि बलं मिळवायची. समजा ४०० चौ. मिमीचा पोलादी दांडा ८०० चौ. मिमीच्या अॅल्युमिनियमच्या नळीत आहे. दोन्ही २५० मिमी लांब, वर-खाली जाड तबकड्या, दाब १२० किलोन्यूटन. क्षेत्रफळ गुणिले मॉड्युलस: पोलाद ८०,००० आणि अॅल्युमिनियम ५६,००० किलोन्यूटन. भार याच प्रमाणात वाटला जातो, पोलादाला ७०.६ आणि अॅल्युमिनियमला ४९.४. स्ट्रेस अनुक्रमे १७६.५ आणि ६१.८ मेगापास्कल, दोन्ही दाबाचे. लांबी ०.२२१ मिमीने कमी.

एकूण भाराला एकूण क्षेत्रफळाने भागलं असतं तर दोघांना १०० मेगापास्कल आले असते. पोलादाचा खरा स्ट्रेस त्याच्या पावणेदोन पट आहे. पडताळा सोपा: दोन स्ट्रेसचं गुणोत्तर मॉड्युलसच्या गुणोत्तराइतकंच हवं. १७६.५ ÷ ६१.८ आणि २०० ÷ ७०, दोन्ही सुमारे २.८६.

## पायरी ९: तापमान असेल तर

तापमान वाढलं म्हणून स्ट्रेस येत नाही. वाढायला जागा मिळाली नाही म्हणून येतो. मोकळा दांडा तापून लांबला तर त्यात स्ट्रेन आहे, स्ट्रेस शून्य. ‘स्ट्रेस म्हणजे मॉड्युलस गुणिले स्ट्रेन’ हे डोळे मिटून लावणारे नेमके इथे अडकतात.

पोलादाचा प्रसरणांक दर अंश सेल्सिअसला दशलक्षात १२ धरा. २ मीटरचा दांडा ३० अंशांनी तापला तर मोकळी वाढ ०.७२ मिमी. आता क्रम असा ठेवा: आधी मोकळी वाढ, मग त्यातून दांड्याचं टोक आणि भिंत यांच्यातली फट वजा, आणि उरलेल्या अडवलेल्या वाढीवर स्ट्रेस. फट ०.३ मिमी असेल तर अडवलेली वाढ ०.४२ मिमी. स्ट्रेस ०.४२ ÷ २००० × २,००,००० = ४२ मेगापास्कल, दाब. फट नसती तर ७२. वाढ फटीपेक्षा कमी असती तर सरळ शून्य. फट वजा करून ऋण आकडा आला आणि ‘म्हणजे ताण असेल’ असं लिहिलं, असंही पाहिलं आहे. मोकळी फट दांड्याला ओढू शकत नाही.

## स्वतःचं वजन आणि निमुळता दांडा

टांगलेल्या दांड्यात स्वतःच्या वजनामुळे वर सर्वांत जास्त स्ट्रेस आणि खाली शून्य. म्हणून लांबीवाढ काढताना अख्खं वजन खालच्या टोकाला लावल्यावर येईल त्याच्या निम्मी धरा. १०० मीटर पोलादाला वरच्या टोकाशी सुमारे ७.७ मेगापास्कल आणि १.९ मिमी वाढ, दांडा जाड असो की बारीक. मीटरभर दांड्याला हा भाग खुशाल सोडून द्या.

निमुळत्या गोल दांड्यात सरासरी व्यास वापरू नका. लांबीतल्या बदलासाठी व्यासाच्या वर्गाच्या जागी दोन टोकांच्या व्यासांचा गुणाकार घ्या. ४० वरून २० मिमीवर येणाऱ्या दांड्याला तो ८०० होतो. सरासरी ३० चा वर्ग ९००, म्हणजे वाढ ११ टक्के कमी दिसते. स्ट्रेस मात्र बारीक टोकाचाच काढा.

## सूत्र कुठे लावायचं नाही

भार लागतो त्या जागेच्या अगदी जवळ आणि भोकाच्या काठाशी स्ट्रेस सारखा पसरलेला नसतो. ताणातल्या रुंद पट्टीत लहान गोल भोक असेल तर काठावर तो तीन पटीपर्यंत जातो. भारापासून साधारण दांड्याच्या रुंदीइतकं दूर गेल्यावर आपलं सूत्र पुन्हा खरं होतं.

दाबातला दांडा सडपातळ असेल तर तो चिरडण्याआधी वाकतो. २० मिमी व्यासाचा, मीटरभर लांब, दोन्ही टोकांना पिन असलेला (म्हणजे टोकं जागेवर पण फिरायला मोकळी) पोलादी दांडा सिद्धांतानुसार सुमारे १५.५ किलोन्यूटनला बाजूला झुकतो. तेव्हा त्यातला स्ट्रेस जेमतेम ४९ मेगापास्कल असतो. पाचव्या पायरीतली यील्डची तपासणी तो मजेत पास होतो. म्हणून खगसारखा ऋण तुकडा दिसला की त्याची लांबी आणि व्यास बघा. आपला ३०० मिमी लांब आणि ३० मिमी जाड आहे, त्याची काळजी नाही.

आणि भार मध्यरेषेतून जातो हे गृहीत धरण्याआधी आकृती पुन्हा बघा. २० मिमीच्या गोल दांड्यात भाराची रेषा मध्यापासून फक्त २.५ मिमी सरकली तर एका काठावर स्ट्रेस दुप्पट होतो आणि समोरच्या काठावर शून्य. बल भागिले क्षेत्रफळ या दोन्हींच्या मधला आकडा दाखवत राहतं, ९५.५. ओढणाऱ्या काठावर खरे १९१ असतात, आणि तिथे बेंडिंगचं (वाकण्याचं) गणित जोडल्याशिवाय ते दिसत नाहीत.